तवंग गेला, तेल कुठे गेले?



बारामतीच्या श्रोत्यांपुढे समुद्राच्या पाण्यावर बोलायचे, हे धाडसच आहे. आपली नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्राशी आपले पाण्याचेही नाते नाही. तरी गोष्ट तिकडचीच सांगतो. ती इथे का सांगितली, हे शेवटी ध्यानात येईल.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलली, कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधनतेल पाण्यात गेले. उरण-अलिबागच्या बाजूला ते तिवरांच्या मुळांपर्यंत पोचले. लोक मासळी घ्यायला कचरू लागले. कोळ्याचा प्रश्न साधा होता : माझी मासळी खाण्याजोगी आहे का, आणि माझे नुकसान झाले ते किती?

याचे उत्तर डोळ्यांना देता येत नाही. तवंग दिसेनासा झाला म्हणजे तेल गेले, असे नव्हे. हलका अंश हवेत उडतो, थोडा पाण्यात विरघळतो, आणि जड अंश गाळाला चिकटून तळाशी बसतो. म्हणून नमुना घ्यायचा तो काचेच्या स्वच्छ बाटलीत; आणि बाटली उघडायची ती तवंगाच्या खाली नेऊन, नाहीतर हाती पाण्याऐवजी तवंगच यायचा! मग द्रावकाने त्यातले तेल वेगळे काढतात. त्यावर अतिनील प्रकाश टाकला की तेलातली काही द्रव्ये चमकतात. त्या चमकेवरून एका लिटरमागे किती मायक्रोग्रॅम तेल, हे कळते. तेल खाणारे जंतू प्राणवायू वापरतात, म्हणून तोही मोजायचा. तळाचा गाळ मात्र पुढे कित्येक महिने तपासत राहावे लागते.

पण गंमत अशी की, नुसता आकडा मुकाच असतो. बंदराच्या पाण्यात जहाजांचे, गटारांचे तेल एरवीही असतेच. कालचा आकडा नसेल, तर आजच्या आकड्यातले अपघाताचे किती, हे सांगणार कोण? गोव्यातील दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. अशा संस्थांनी शांत दिवसांत ठेवलेल्या नोंदी संकटाच्या दिवशी साक्षीदार होतात.

आता घरी येऊ. १८८५ साली नीरा डावा कालवा आला. बारामती-इंदापुरात ऊस पिकला, पण निचऱ्याची सोय नव्हती तिथे भूजल वर चढले आणि त्याच्याबरोबर क्षारही वर आले. शेत पांढरे दिसू लागले तेव्हा उशीर झालेला होता. समुद्रात वरचे तळाशी गेले, आपल्याकडे तळचे वर आले. डोळ्यांनी मात्र दोन्हीकडे फसवले.

तेव्हा माझे मागणे एवढेच : पीक उत्तम आहे तोवरच विहिरीचे पाणी आणि शेताची माती तपासून घ्या, तारीख घालून वहीत लिहून ठेवा, आणि दरसाल पुन्हा लिहा. कोळ्याला जो पुरावा हवा होता, तो उद्या तुमच्या मुलाच्या हाती असेल.