ओढ्याचीही वही ठेवूया

बचत गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया लिहितो. पण ओढ्याला पाणी किती दिवस होतं, हे लिहितो का? आम्हीही लिहीत नव्हतो. चांगल्या पावसाच्या एका वर्षी आमच्यातल्या सात जणींनी कर्ज काढून मोटार घेतली. पुढच्या वर्षी ओढा दिवाळीतच आटला. मोटार बंद, हप्ते चालू!

मग मोठी कामं कशी आखतात, ते आम्ही समजून घेतलं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदी धरल्या. या हिशेबात जास्त पाण्याच्या वर्षापासून कमी पाण्याच्या वर्षापर्यंत ओळ लावतात. चारांपैकी तीन वर्षं तरी मिळेल, तेवढंच पाणी भरवशाचं. कृष्णेचं ते २०६० टीएमसी ठरलं. सरासरी याहून मोठी दिसते, कारण पुराची वर्षं ती फुगवतात.

आता आम्ही पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा केल्यात. रोज सकाळी एकजण पातळी लिहिते. नुसत्या उंचीवरून पाणी किती वाहिलं हे कळत नाही. त्यासाठी पात्राची रुंदी आणि पाण्याचा वेगही मोजावा लागतो. पण ओढा कधी आटला, हे तर कळतं!

दोनच वर्षांच्या नोंदी झाल्यात, म्हणजे थोड्याच. तरी एका चांगल्या वर्षाच्या जिवावर कर्ज काढायचं नाही, हे आमचं ठरलंय. तुमच्या गावातही अशी एक वही सुरू करा.