बंगळूरच्या मातीतला पन्हाळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. आमचा विषय मात्र जेमतेम गुडघाभर उंचीचा आहे. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्याविषयी चार शब्द सांगण्याची अनुज्ञा असावी.

पुण्या-साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे किल्ला करणे कोणी कोणाला शिकवीत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचाव्या, चिखलात भिजवलेले गोणपाट त्यावर पसरावे, अळीव पेरावे आणि चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा झालेला पाहावा. शिखरावर शिवाजीमहाराज सिंहासनाधिष्ठित, बुरुजाबुरुजांवर मावळे. आमचे बालपण असेच गेले. पुढे चाकरीनिमित्त आम्ही बंगळुरास आलो. फराळ आला, आकाशकंदील आला, पणत्या आल्या. किल्ला मात्र अंगणाबरोबर मागे राहिला. मुलांना आम्ही किल्ल्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. किल्ला मात्र एकही केला नाही, ही कबुली येथे दिलीच पाहिजे.

तो आग्रह अखेर मुलांनीच धरला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने 1952 साली भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपति शिवाजी’ पाहिला होता. आमच्या मुलांनी 2022 साली दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ पाहिला. घरी येताच दिवाणखान्यात उशांची खिंड उभी राहिली. दिवाळी जवळ आली तेव्हा फर्मान सुटले की, यंदा मातीचा पन्हाळा, मातीची खिंड आणि मातीचा विशाळगड झालाच पाहिजे. आम्ही चार-पाच कुटुंबांनी मिळून इमारतीच्या मागची एक मोकळी पट्टी धरली.

तांबड्या मातीला या शहरात तोटा नाही. अळीव जवळच्या दुकानात मिळाले नाही, म्हणून नाचणी पेरली. ज्या धान्यावर हा सारा मुलूख पोसला, तेच सह्याद्रीच्या उतारांवर उगवले. मावळे कोठून आणावे, हा प्रश्न चन्नपट्टणच्या लाकडी बाहुल्यांनी सोडवला. त्यांना कागदाची पागोटी आणि आगकाड्यांच्या तलवारी मिळाल्या. पोटाने जरा सुखवस्तू असे ते सैन्य होते, पण मुलांना त्यात काही उणे दिसले नाही.

मग प्रमाणाचा वाद निघाला. आमच्यातील एका मुलीने हिशेब मांडला. मावळा दोन इंच उंच. खरा माणूस साडेपाच फूट, म्हणजे सहासष्ट इंच. याचा अर्थ आपले जग तेहतीस पटींनी लहान. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर सुमारे 60 किलोमीटर. त्यास तेहतिसाने भागले तर आपली वाट जवळजवळ 1800 मीटर लांब हवी. म्हणजे पन्हाळा आमच्या अंगणात आणि विशाळगड मुख्य रस्त्यापलीकडे दोन थांबे पुढे! सगळे हसले, पण हसता हसता गप्पही झाले. आषाढातल्या चिखलातून, अंधारातून, पाठीवर शत्रू घेऊन एवढी वाट एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी कापायची म्हणजे काय, हे त्या भागाकाराने प्रथमच त्यांच्या ध्यानात आले.

चित्रपट पाहून मुलांच्या मनात खिंड भरली होती. माती हाती घेतल्यावर मात्र निराळे प्रश्न निघू लागले. सिद्दी जौहराचा वेढा 1660 च्या मार्चात पडला आणि महाराज गडाबाहेर निसटले ते जुलैच्या 12 तारखेच्या रात्री. मधले चार महिने गडावरच्या लोकांनी खाल्ले काय? प्याले काय? तेव्हा आम्हां वडील मंडळींना पुस्तके उघडावी लागली. त्यातून पन्हाळ्यावरची धान्याची प्रचंड कोठारे, म्हणजे अंबरखाना, किल्ल्यात आला. पाण्यासाठी अंधारबाव आली, तीन दरवाजा आला. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांना तर जागा होतीच. आता पखाल वाहणाऱ्यालाही मिळाली.

वसुबारसेला दोन दिवस उरले असता घात झाला. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा सरलेला असतो. बंगळुरास आश्विनातही तो मुक्काम ठोकून असतो, आणि त्या वर्षीचा ऑक्टोबर तर विशेषच होता. एका रात्रीत पन्हाळ्याची एक बाजू वाहून गेली, खिंड बुजली, चिखल वाहनांच्या जागेपर्यंत पोहोचला. सकाळी इमारतीच्या व्यवस्थापनाचा निरोप आला की, ही घाण संध्याकाळपर्यंत हलवावी. मुले रडकुंडीला आली. खरे सांगायचे तर आम्हीही मनातून ‘जाऊ द्या’ म्हणण्याच्या बेतात होतो. परमुलखात राहणाऱ्याला तो शब्द फार लवकर सुचतो.

त्या वेळी तळमजल्यावरच्या कानडी अज्जी काठी टेकीत बाहेर आल्या. त्यांनी चिखलातल्या बाहुल्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “ही तर तुमची गोंबे!” दसऱ्याला कानडी घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात, ती गोंबेहब्बाची चाल आपल्याला ठाऊक आहेच. अज्जींनीच व्यवस्थापकांशी कानडीतून चार गोष्टी केल्या. त्या काय बोलल्या, हे आम्हांला नीटसे कळले नाही. पण किल्ला राहिला. संध्याकाळी त्यांनी आपल्या आराशीतले शेट्टी आणि शेट्टीण, पुढे धान्याचे दुकान मांडलेले, असे जोडपे आणून दिले. मुलांनी त्यांना अंबरखान्याच्या दारात बसवले. मग मेणकापड ताणून, पाण्याला चर खणून, दोन रात्रींत पन्हाळा पुन्हा उभा राहिला. चर खणताना एका लहानग्याने विचारले, “त्या रात्रीही असाच पाऊस होता ना?” त्याचे उत्तर देण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

बंधुभगिनींनो, आपण या गावाला परमुलूख म्हणतो. परंतु 1638 साली विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. 1640 च्या सुमारास बाल शिवाजी जिजाबाईंसह येथे येऊन राहिला होता. केंपेगौडांनी 1537 मध्ये बांधलेला येथला किल्ला मातीचाच होता. पुढे 1761 मध्ये हैदरअलीने तो दगडी केला. त्याचा उरलेला लहानसा भाग कृष्णराजेंद्र मार्केटाजवळ आजही उभा आहे. ज्या मातीत आमच्या मुलांनी हात घातले, तिच्यावरून ती पावले गेलेली आहेत. पन्हाळ्याच्या वाटेवर महाराज चालले तेव्हा शहाजीराजे हयात होते. त्यांचा अंत 1664 साली याच कर्नाटकात, होदिगेरे येथे झाला.

जुलै 2025 मध्ये पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आपल्या सर्वांनाच अभिमान वाटला. त्या दगडांची राखण आता पुष्कळ जण करतील. मातीचा किल्ला मात्र कोणत्याही यादीत जात नाही. तो दरसाल मोडतो, आणि दरसाल कोणी तरी पुन्हा केला तरच असतो. आपले मंडळही पन्नास वर्षे असेच चालत आले आहे.

म्हणून आमची एकच विनंती आहे. मंडळाच्या आवारातील एक कोपरा दर आश्विनात मुलांच्या स्वाधीन करावा. तेथे फरशी घालू नये. यंदा मुलांनी केंपेगौडांचा मातीचा किल्ला करायचे ठरवले आहे, आणि अज्जींच्या नातवंडांनाही बोलावले आहे. मावळे तेच राहतील. चिखल झाला तर मंडळींनी तो गोड मानून घ्यावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.