लाइक मोजू नका, पाकिटं मोजा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)



मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडची शेंगा चटणी आणि कडक भाकरी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गटातल्या आम्ही तिघी मिळून मोबाइलवरून चटणी विकतो. आज कौतुक सांगायला नाही, तर आमची चूक सांगायला उभी आहे. ती ऐकून तुमचे पैसे वाचावेत, एवढीच इच्छा.

आम्ही गटातून कर्ज घेतलं. सीलिंग मशीन आणलं, शेंगदाणे भरले. ठरवलं काय? तर "ऑनलाइन खूप विकायचं." बस, एवढंच. चटणीचा फोटो टाकला, 340 लाइक आले. आम्ही खूश! अर्ध्या किलोचं पाकीट 200 रुपयांना, घरपोच मोफत, पैसे माल मिळाल्यावर. पहिल्या महिन्यात 60 पाकिटं गेली.

महिनाअखेर वही उघडली. एका पाकिटाला शेंगदाणे, लसूण, तिखट मिळून 80 रुपये. पाकीट आणि लेबल 10. पार्सल 75. आणि आमची मजुरी 20, जी आम्ही आधी धरलीच नव्हती. झाले 185. त्यात 6 पाकिटं परत आली, फुटलेली. म्हणजे खर्च 11,100 आणि हातात आले 10,800. तोटा 300 रुपये! 340 लाइक आणि 300 तोटा. त्या महिन्याचा हप्ता एका ताईने खुरपणीच्या मजुरीतून भरला. तिने बैठकीत एक शब्द काढला नाही. पण मला मान वर करता येईना.

बायांनो, आपल्याला मोजणं नवीन आहे का? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, ही पंचसूत्री आपण रोज पाळतो. बचत "जमेल तेवढी" असं आपण कधी म्हणतो का? रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली. मग धंद्यातच "खूप" कसं चालेल? खूप म्हणजे किती? कधीपर्यंत?

मग आम्ही उलटं गणित मांडलं. आधी नियम बदलला: पैसे आधी यूपीआयवर, पार्सलचा खर्च ग्राहकाचा, आणि एका वेळी कमीत कमी दोन पाकिटं. आता एका पाकिटामागे मजुरी धरूनही 90 रुपये उरतात.

आमचा हप्ता 1,800 रुपयांचा. 1,800 भागिले 90, म्हणजे 20 पाकिटं. आम्हा तिघींना मजुरीशिवाय दीड-दीड हजार हवेत, म्हणजे 4,500. त्यासाठी 50 पाकिटं. झाली महिन्याला 70 पाकिटं, म्हणजे 35 ऑर्डर. आठवड्याला साधारण 9.

पण ऑर्डर आपल्या हातात नसते. आपल्या हातात काय असतं? आमची वही सांगत होती की भाव विचारणाऱ्या चौघांपैकी एक जण घेतो. म्हणजे 9 ऑर्डरसाठी आठवड्याला 36 जणांनी विचारायला हवं. रोज पाच. आता ध्येय कसं सोपं झालं बघा! "खूप विकायचं" याचं झालं "रोज पाच विचारणा." रात्री झोपताना कळतं, आजचं काम झालं की नाही.

पहिल्या महिन्यात 44 पाकिटंच गेली. पण या वेळी कुठे अडलं ते दिसलं. विचारणा पाच येत होत्या, पण आम्ही दिवसभर रानात, उत्तर द्यायचो रात्री नऊला. तोवर ग्राहक दुसरीकडे. मग वाटून घेतलं: दुपारी एकला एकीने, रात्री आठला दुसरीने उत्तर द्यायचं. व्हॉट्सॲप बिझनेसवर भाव आणि फोटोंचा कॅटलॉग तयार ठेवला. ग्राहकाला आमचा नंबर सेव्ह करायला सांगितलं, कारण नंबर सेव्ह नसेल तर आपला ब्रॉडकास्ट मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिसऱ्या महिन्यात 66 पाकिटं गेली. 70 नाही झाली, खरं सांगते. पण हप्ता वेळेवर गेला आणि तिघींच्या हातात मजुरीशिवाय 1,380 रुपये आले. 33 ऑर्डरपैकी 14 जुन्या ग्राहकांच्या होत्या. त्यासाठी लाइक लागले नाहीत, चव लागली.

तेव्हा तुम्ही पापड करा, गोधड्या शिवा की मसाले कांडा, घरी गेल्यावर वहीचं एक पान आखा. रकाने चारच: आज किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं, किती परत आलं, सगळा खर्च जाऊन किती उरलं. स्वतःची मजुरी खर्चात धरा, विसरू नका. आधी तीन महिन्यांचंच ध्येय ठेवा आणि दर आठवड्याच्या बैठकीत ते पान सगळ्यांपुढे वाचा. आकडा कमी आला तर लाजू नका. कमी आलेला आकडा दुरुस्त करता येतो, न लिहिलेला नाही.

ज्या ताईने खुरपणीच्या पैशातून हप्ता भरला होता, तिचे पैसे आम्ही तिसऱ्या महिन्यात परत केले. ती वही आता तीच लिहिते.