मूठभर धान्याचा हिशेब



गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. गुरुजींनी या शाळेसाठी निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव असा मुलूख पावतीपुस्तक काखेत मारून पालथा घातला. म्हणून त्यांच्या स्मृतिदिनी देणगी या विषयावरच बोलावे, असे मी ठरविले.

या विषयाला एक ताजे निमित्तही आहे. परदेशी नोकरीस असलेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी पूर्व आफ्रिकेतील एका खेड्याची शाळा व दवाखाना यांसाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली आहे. ती कानी येताच ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ अशी प्रतिक्रिया आपल्यातल्याच काहींनी दिली. आपल्याच शाळेची कौले गळत आहेत, मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, आणि पैसा आफ्रिकेस धाडायचा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो शाळेवरील प्रेमातून आलेला आहे. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी आपली जुनी खातेवही उघडून पाहिली पाहिजे.

त्या वहीत पहिली नोंद सापडते ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांची. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ च्या मार्चमध्ये ते विलायतेस निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून एप्रिल १९३० मध्ये परतले. त्यानंतर कोणीही घरी विसावला असता. अण्णांनी मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात आफ्रिकेचा रस्ता धरला. तेव्हा त्यांचे वय ७२ होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा सुमारे १५ महिन्यांचा तो दौरा होता. गावोगावी जाऊन त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणाची कहाणी सांगितली आणि तेथील लोकांपुढे हात पसरला.

तो पैसा आफ्रिकेचा नव्हे, तेथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांचा होता, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. दाते होते दुकानदार, कारकून, रेल्वेचे नोकर. परंतु त्यांची दुकाने चालली ती त्या भूमीतील कापूस, कॉफी आणि लवंगांवर, तेथील कष्टकऱ्यांच्या घामावर. आपल्या लेकीबाळींच्या शिक्षणात त्या मातीचाही वाटा आहे. ऋण कोणाचे, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर आफ्रिका आपल्या वहीत जमेच्या बाजूस दिसते.

दुसरी नोंद औंधची आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली पूर्व आफ्रिकेत स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. महात्माजींच्या निधनाने तेथील हिंदी समाज व्याकुळ झाला होता. महात्माजींचे स्मारक महाविद्यालयाच्या रूपाने व्हावे, या विचाराने निधी जमू लागला आणि गांधी स्मारक अकादमीची योजना आकारास आली. त्याच वेळी सरकारी तांत्रिक महाविद्यालयही उभे राहत होते. एकाच गावात दोन चुली मांडण्यापेक्षा अकादमीने १९५४ साली त्या महाविद्यालयाशी हातमिळवणी केली. १९५६ साली तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले. त्याच संस्थेचे १९७० साली नैरोबी विद्यापीठ झाले. २००४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणाऱ्या वांगारी मथाई यांनी १९७१ साली याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. निधी हिंदी लोकांनी जमविला, पण विद्यालयाचे दार सर्व वर्णांना खुले राहिले. दात्याने आपल्या नावाची वेगळी भिंत बांधण्याचा हट्ट सोडला, हे मला त्या देणगीचे सर्वांत मोठे मोल वाटते.

आता आपल्या परिसराकडे येतो. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उघडले. त्याच्या इमारतीसाठी फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या उद्योगपतीने पैसा दिला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत अवघड दुखणे म्हटले की मिरज, हे समीकरणच होते. सातासमुद्रापलीकडच्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या खेडुतांसाठी त्या गृहस्थाने खिशात हात घातला. त्या वेळी फिलाडेल्फियातही गोरगरीब होतेच. ‘आधी घरचे’ हा नियम त्याने काटेकोरपणे पाळला असता, तर आपल्याकडील कित्येकांचे प्राण वाचले नसते.

परंतु परक्याच्या पैशाने केवळ इमारत उभी राहते. संस्था उभी राहण्यास आणखी काही लागते. ते काय, हे आपणांस कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिकविले. आपल्यापासून फार दूर नसलेल्या कुंभोज येथे १८८७ साली ते जन्मले. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुलांच्या पोटाची सोय होईना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्यागाची ही कथा आपण नेहमी सांगतो. तिच्याइतकीच महत्त्वाची कल्पना मुष्टिफंडाची. घरच्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य शाळेच्या नावाने बाजूला काढावयाचे, एवढीच ती योजना. मूठ लहान असते, पण जी माउली रोज मूठ काढते तिला शाळेची रोज आठवण होते. मास्तर वेळेवर येतो का, पोर शिकते का, हे ती हक्काने विचारते. मुष्टिफंडाने धान्य मिळवून दिलेच, शिवाय शाळेला हजारो राखणदार मिळवून दिले.

बेळगावातही हेच घडले. १९१६ साली सात शिक्षकांनी के. एल. ई. संस्था स्थापन केली आणि शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली. त्यांची भाषा कानडी म्हणून हा धडा आपल्याला परका ठरत नाही. पुढे याच संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत बाळंतपणातील रक्तस्रावावर एक अभ्यास केला. त्यात १६२० बाळंतिणींनी भाग घेतला. ज्यांना परिचारिकांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. या गोळीला ना शीतपेटी लागते, ना सुई. त्यामुळे डॉक्टर आणि वीज यांपासून दूर असलेल्या आफ्रिकेतील खेड्यांना तिचे महत्त्व विशेष आहे. आपल्या शिवारातल्या त्या मायबहिणींनी जगाला जे दिले, त्याची पावती कोणी फाडली नाही. मात्र जमेस ते धरलेच पाहिजे. खेडे केवळ घेणारे असते, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

मीही काही वर्षे गुरुजींबरोबर पावतीपुस्तक घेऊन फिरलो आहे. निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीत काम करणाऱ्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून दोन रुपये काढून दिले. मी सवयीने त्यांच्या यजमानांचे नाव विचारले. त्या म्हणाल्या, “त्यांचं कशाला? तंबाखू मी चाळते. पावती माझ्या नावाची करा.” त्या वर्षीच्या अहवालात त्यांचे नाव एका मोठ्या व्यापाऱ्याच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले गेले. देणगी देणाऱ्याला दया दाखविल्याचे समाधान हवे असते, असे आपण समजतो. त्या मावशींना भागीदारी हवी होती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या योजनेला माझा पाठिंबा आहे, पण तीन अटींवर. पहिली अट अशी की, त्या आफ्रिकी गावाची मूठ आधी पडावी. धान्य असो, विटा असोत वा श्रमदान, ती त्यांची असावी आणि शाळा कोठे बांधावी, दवाखाना कोणत्या दिवशी उघडावा हे त्यांनी ठरवावे. दुसरी, पैसा केवळ भिंतींवर खर्च होऊ नये. फीत कापावयास सर्वजण धावतात, परंतु तिसऱ्या वर्षी परिचारिकेचा पगार आणि औषधांचे कपाट यांच्याकडे कोणी पाहत नाही. कायम निधी उभारून त्याच्या व्याजातून हा चालू खर्च भागविला पाहिजे. तिसरी, वर्षाचा हिशेब छापून दोन्ही गावांत वाचून दाखवावा. त्यात दहा रुपयांचे आणि दहा हजारांचे नाव एकाच टायपात असावे.

आणि आपली गळकी कौले? हेच तीन नियम आपण स्वतःलाही लावून पाहू या. आपल्या शाळेसाठी आपल्याच गावाची मूठ आज पडते का? हिशेब चावडीत वाचला जातो का? निपाणीच्या वेशीला लागून असलेल्या अर्जुननगरात १९६० साली देवचंद महाविद्यालय उभे राहिले. ते महाराष्ट्रात येते आणि निपाणी कर्नाटकात. तरी निपाणीची पोरे ती रेषा ओलांडून तेथे शिकत आली आहेत. राज्याच्या सीमेने जे अडले नाही, ते समुद्राने अडण्याचे कारण नाही. ज्या गावाला दूरच्या शाळेची काळजी वाटू लागते, त्याला आपल्या शाळेकडे पाठ फिरविताना लाज वाटते, असा माझा अनुभव आहे. आटते ती न देणाऱ्याची झोळी.

तेव्हा पावतीपुस्तके दोन छापावीत, एक आपल्या शाळेचे आणि एक त्या खेड्याचे. प्रत्येकाने दोहोंत आपले नाव लिहावे. रक्कम कितीही लहान असली तरी चालेल, मात्र ती दरवर्षी द्यावी आणि दरवर्षी हिशेब मागावा.