दडलेला रंग



सापाचें नांव निघतांच आपल्या घरांत प्रथम काठी शोधली जाते, मग दिवा. अशा स्थितींत साप पाळण्याविषयीं, आणि तेंही त्यांची वीण करविण्याविषयीं, एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आरंभींच सांगून ठेवितों कीं, आपल्याकडील धामण पकडणें किंवा पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. मी बोलणार आहें तें अमेरिकेच्या आग्नेय भागांतील एका उंदीरखाऊ सापाविषयीं. त्यास तिकडे ‘कॉर्न स्नेक’ म्हणतात. लांबी तीन ते पांच फूट, विष मुळींच नाहीं. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे डाग, आणि पोट बुद्धिबळाच्या पटासारखें काळेंपांढरें.

२०१९ सालीं मी जॉर्जिया संस्थानांत मुलीकडे कांहीं महिने राहिलों होतों. शेजारीं एक वृद्ध सुतार राहत असे. त्याच्या मागील खोलींत फळ्यांवर ओळीनें पेट्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीचें झांकण घट्ट लावलेलें. कारण हा प्राणी बोटभर फटींतूनही निसटतो. आठवड्यास एक उंदीर, वाटीभर पाणी, लपावयास आडोसा आणि पेटीच्या एका अंगास ऊब, एवढाच त्याचा संसार. हिवाळ्यांत दोनतीन महिने त्यांस थंड अंधारांत निजवावयाचें, वसंतांत जोडी जमवावयाची. मग मादी ओलसर शेवाळांत दहावीस अंडीं घालते, आणि तीं सुमारें साठ दिवस उबेंत राहिलीं म्हणजे पिलें तोंडाशीं असलेल्या इवल्याशा दातानें कवच चिरून डोकें बाहेर काढतात.

त्यानें मला एक जोडी दाखविली. दोन्ही साप अगदीं सामान्य रंगाचे. तो म्हणाला, “या दोघांतही एक रंग दडलेला आहे.” मीं चष्मा पुसून पाहिलें, मला कांहींच दिसेना. तो हंसला. “दिसत नाहीं, म्हणूनच तर दडलेला!”

या दडलेल्या रंगाची कथा अशी आहे. १९५३ सालीं नॉर्थ कॅरोलिनांत असा एक साप सांपडला कीं, ज्याच्या अंगांत काळें रंगद्रव्यच नव्हतें; तो तांबडापिवळा होता, आणि डोळे गुलाबी. डॉ. बर्नार्ड बेक्टेल नांवाच्या त्वचारोगतज्ज्ञानें त्याचा वंश वाढविला. पहिल्या पिढींत सारीं पिलें सामान्य निपजलीं. दुसरा कोणी असता तर निराश होऊन थांबला असता. परंतु त्याच पिढींतील सापांचा पुढें संयोग केल्यावर १९६१ सालीं गुलाबी डोळ्यांचीं पिलें अंड्यांतून बाहेर आलीं. मेंडेलनें वाटाण्यांविषयीं १८६६ सालीं जें छापलें, तेंच येथें सापांत दिसलें. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून. एक अंश सदोष असला तरी दुसरा काम भागवितो आणि अंगावर कांहीं दिसत नाहीं. दोन्ही सदोष आले म्हणजे मात्र काळा रंग नाहींसा होतो. दोन वाहकांच्या पिलांत सरासरीनें चौघांत एक असें निघतें. सरासरीनें, हें विसरूं नये. त्या सुताराच्या सोळा अंड्यांपैकीं एक नासलें, आणि पंधरा पिलांत तसलीं दोनच निघालीं.

उरलेलीं तेरा विकावयाचीं होतीं. खरी परीक्षा येथें आहे. तेरांपैकीं वाहक कोणतीं, हें डोळ्यांस कळत नाहीं. गणितानें प्रत्येक पिलूं वाहक असण्याचा संभव तीनांत दोन. म्हणून व्यापारांत अशा पिलांस ‘सहासष्ट टक्के’ म्हणण्याची रीत आहे. निश्चित वाहकास मोल अधिक. विकणारानें खोटें सांगितलें, तर तें पिलूं वाढून त्याला संतति होईपर्यंत दोनतीन वर्षें तें उघडकीस यावयाचें नाहीं. अलीकडे टाकलेली कात प्रयोगशाळेंत धाडून तपासतां येते, पण सारेच तो खर्च करीत नाहींत. त्या सुतारानें मात्र तेराही पेट्यांवर खडूनें ६६ असा आंकडा घातला. एका मादीच्या बापाची नोंद हरवली होती. तिच्या पेटीवर प्रश्नचिन्ह होतें, आणि ती सामान्य सापाच्या किंमतीस गेली.

२०१५ सालीं जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनीं हा दोष नेमका कोठें आहे तें दाखविलें. ‘ओसीए-२’ नांवाच्या जनुकांत एक परका तुकडा घुसलेला आहे. हेंच जनुक बिघडलें असतां माणसांतही एका प्रकारची वर्णहीनता येते.

हें वाचलें तेव्हां मला १९८९ सालचा माझा वर्ग आठवला. तिसरींत एक मुलगा होता. केंस कापसासारखे, उन्हांत डोळे मिटून घेई. आईबाप दोघेही सांवळे. ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें असेल, असें गांव म्हणे. तो पुस्तक नाकाशीं धरी, म्हणून मीं त्याच्या बोटांवर पट्टी मारली आहे. रंगद्रव्याच्या अभावीं डोळ्याचा पडदाही पुरा घडत नाहीं आणि नजर अधू राहते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. त्याला पुढच्या बाकावरही मीं बसविलें नाहीं. त्याचा बाप एकदां विचारावयास आला होता कीं, दोन्ही घराण्यांत असा कोणी नाहीं, मग हा कोठून आला? ईश्वरी इच्छा, असें सांगून मीं त्याला वाटेस लावलें.

अमेरिकेहून परतल्यावर मी मुद्दाम त्या घरीं गेलों. बाप वारला होता. म्हातारीपुढें एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मीं तें चार घरांचें कोष्टक काढलें, वरच्या अंगास तिचे दोन अंश, डाव्या अंगास नवऱ्याचे. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग डाव्या बाजूच्या अक्षरावर बोट ठेवून तिनें विचारलें, “म्हणजे गुरुजी, अर्धें त्यांच्याकडचें?”

मीं म्हटलें, “होय, अर्धें त्यांच्याकडचें.”

तिनें ती पत्रिका मागून घेतली.