रॅम्बो रडतो तो भाग



मी पायदळात बत्तीस वर्षं काढली. सिनेमाचा माझा काही अभ्यास नाही. तरी आज सिनेमावरच बोलणार आहे, कारण एका सिनेमातल्या नायकाचं नाव मी माझ्या एका जवानाला दिलं होतं.

१९८६ची गोष्ट. कंपनीत भाड्यानं व्हीसीआर आणला होता. 'रॅम्बो: फर्स्ट ब्लड पार्ट टू' लावला. सिल्व्हेस्टर स्टॅलोन एकटा व्हिएतनाममध्ये उतरतो आणि कैदेतल्या अमेरिकन सैनिकांना सोडवून आणतो. पोरं शिट्ट्या मारत होती. खोटं कशाला बोलू, मीही मारली. त्या घोळक्यात एक दांडगा जवान होता, साथीदाराला पाठीवर घेऊन चढ चढणारा. दुसऱ्या दिवशी परेडवर मी त्याला हाक मारली, "ए रॅम्बो!" नाव चिकटलं.

त्याच्या आधीचा, १९८२चा 'फर्स्ट ब्लड' आमच्यातल्या कोणीच पाहिला नव्हता. मी तो पाहिला थेट निवृत्तीनंतर, आणि चक्रावलोच. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२च्या कादंबरीवरचा हा सिनेमा. युद्धावरून परतलेला रॅम्बो जुन्या साथीदाराला शोधत येतो, तर तो कॅन्सरनं गेलेला. पुढच्या गावचा शेरीफ याला भटक्या समजून हुसकावतो, कोठडीत छळ होतो, आणि हा जंगलात पळतो. अख्ख्या सिनेमात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी हा पहाडासारखा गडी आपल्या कर्नलसमोर ढसाढसा रडतो. सायगावमध्ये डोळ्यांदेखत गेलेल्या मित्राबद्दल बोलतो.

कादंबरीत रॅम्बो मरतो. सिनेमातही तो मरतो असा शेवट चित्रित झाला होता. चाचणीच्या खेळात प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून बदलला. नायक जगला आणि पुढच्या भागांची वाट मोकळी झाली.

फ्रँचायझी कशी उभी राहते ते इथं स्वच्छ दिसतं. पहिल्या सिनेमाच्या नावात रॅम्बो नव्हताच. दुसऱ्यात तो पुढे आला. १९८८मध्ये नुसतं 'रॅम्बो थ्री' पुरलं. दरम्यान १९८६मध्ये लहान मुलांसाठी त्याची कार्टून मालिका निघाली, खेळणी आली. रडणाऱ्या माणसाचं खेळणं कोण घेणार? म्हणून रडणं काढलं आणि मशीनगन ठेवली.

त्या मशीनगनबद्दल फौजी म्हणून सांगतो. एम-६० साधारण साडेदहा किलोची. मिनिटाला सुमारे साडेपाचशे गोळ्या सोडते. म्हणजे शंभर गोळ्यांचा पट्टा अकरा सेकंदांत संपला. पडद्यावर तो संपतच नाही.

१९९३मध्ये जिम अब्राहम्स यांनी 'हॉट शॉट्स! पार्ट दू' काढून याचीच टर उडवली. चार्ली शीन गोळ्या झाडत राहतो आणि रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग त्याच्याभोवती चढत जातो. बाण संपतात, तर तो धनुष्याला कोंबडी लावून सोडतो. पडद्यावर मेलेल्यांचा आकडा पळत असतो, क्रिकेटच्या धावफलकासारखा. आणि गंमत बघा, रॅम्बोचा कर्नल झालेले रिचर्ड क्रेना इथंही कर्नलच आहेत, तसेच गंभीर चेहऱ्यानं.

मी पोट धरून हसलो. चांगलं विडंबन वेगळं काही करत नाही. मूळ सिनेमा जे म्हणतो तेच ते जरा मोठ्यानं म्हणतं. सिनेमा माणसं मारतो, विडंबन ती मोजून दाखवतं. पण मंडळी, एक गोष्ट त्या फलकावरही येत नाही. जे जगले, त्यांचं काय झालं?

आता माझ्या रॅम्बोकडे येतो. नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये एका चकमकीत त्याचा साथीदार त्याच्या शेजारी गेला. पुढे तो दिवाळीला गावी आला. एक दिवस त्याच्या बायकोचा एसटीडी बूथवरून फोन. "साहेब, काल फटाके वाजायला लागले तसे हे खाटेखाली जाऊन बसले. सकाळपर्यंत बाहेर आले नाहीत." त्याला ती सोबत घेऊन आली होती. मी म्हणालो, फोन द्या त्यांच्याकडे. आणि त्याला म्हणालो, "अरे, तू आपला रॅम्बो ना? रॅम्बोला काय होतंय!"

"होय साहेब," एवढंच तो बोलला. पुन्हा विषय काढला नाही. मी समजलो, गडी सावरला.

'फर्स्ट ब्लड'मधला तो कर्नल खाली बसून ऐकून घेतो, रडणाऱ्याला जवळ घेतो. मी फोन ठेवून दिला होता. सिनेमा संपला त्या रात्री मला झोप आली नाही.

आठवडाभरात मी त्याच्या गावी गेलो. पडवीत बसलो, चहा झाला. विचारलं, "रात्री अजून दचकून उठतोस का रे?"

"उठतो, साहेब. पण तुम्ही तसं म्हणालात, मग कोणाला सांगायचं?"

वीस वर्षांहून जास्त काळ त्यानं माझा हुकूम पाळला होता.

पुढच्या महिन्यात मी त्याला लष्करी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आता तो पूर्वीपेक्षा बरा झोपतो, असं वहिनी सांगतात. मी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो.

सिनेमे बघा, शिट्ट्याही मारा. मीही मारतो. फक्त घरी कोणी पलटणीतून आलं असेल, तर झोप लागते का, एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसून राहा.

जय हिंद.