ठराव झाला. पुढं काय?

(वाटूर इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'संस्थेत बदल कसा घडवायचा'. विषय ऐकून तुमच्यातले काहीजण गालात हसले. मला कळलं का ते. हा शब्द तुम्ही नोकरीवर ऐकता. जालन्याच्या बियाणं कंपनीत, स्टीलच्या कारखान्यात, पुण्याच्या आयटी पार्कात, बँकेत. एक दिवस सगळ्यांना हॉलमध्ये बोलावतात, पडद्यावर बाण दाखवतात, चहा-बिस्किट देतात आणि साहेब सांगतो, बदलाला घाबरू नका. दुसऱ्या महिन्यात चारजण घरी. बदल म्हणजे खालच्या माणसाची बदली, एवढाच अर्थ आपल्या वाट्याला आलेला.

पण म्हणून हा शब्द साहेबाला फुकट देऊन टाकू नका. संस्था बदलायची गरज साहेबापेक्षा आपल्याला जास्त आहे. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, बँक, विद्यापीठ, पक्ष, ह्या सगळ्या संस्थाच. यांच्या आत काय चालतं त्यावर आपल्या लेकरांचं जगणं ठरतं.

या विषयावर पुस्तकं ढिगानं आहेत. कुर्ट लेविन नावाचा मानसशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात सांगून गेला की बर्फ आधी वितळवा, मग नवा आकार द्या, मग पुन्हा गोठवा. हार्वर्डच्या जॉन कॉटरनं १९९६ साली आठ पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी, लोकांना निकड पटवा. दुसरी, वजनदार माणसांची फळी उभी करा. शेवटची, बदल संस्थेच्या अंगवळणी पाडा. पुस्तकं वाईट नाहीत, वाचा. पण वाचताना एक बघा. ही पुस्तकं खुर्चीत बसलेल्या माणसासाठी लिहिलेली आहेत. त्याच्या हातात शिक्का आहे, पगार आहे, बढती आहे. आपण उभे आहोत दाराबाहेर. दाराबाहेरच्या माणसानं संस्था कशी बदलायची, हे शिकायचं तर आपलाच इतिहास उघडावा लागतो. त्यातली तीन पानं आज उघडतो.

पहिलं पान महाडचं. तुम्ही म्हणाल, महाड आम्हाला पाठ आहे. तळं पाठ आहे, नगरपालिका पाठ नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा आपला ठराव केला. तोही पास. मग तीन वर्षं काय झालं? काही नाही. ठराव फाइलीत, तळ्यावर तोच पहारा. पहारेकरी कोण? कुणी पगारी शिपाई नाही, सगळा गाव. मधे १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला, ज्या नगरपालिका, लोकल बोर्डं हे पाळणार नाहीत त्यांची ग्रँट बंद करा. म्हणजे बोल्यांना कळलं होतं, नुसत्या ठरावानं संस्था हलत नाही, तिच्या खिशाला हात लागला पाहिजे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसं तळ्यावर नेली. पाणी प्याले तेव्हा तो तीन वर्षांचा कागद जिवंत झाला. आणि लगेच संस्थेनं आपले दात दाखवले. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तारीख बघा, बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. पुढं कोर्ट. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. तळ्यावर पाऊल पडल्यापासून दहा वर्षं.

यातून शिकायचं काय? ठराव करणारी संस्था आणि ठराव राबवणारी संस्था, पाटी एक असली तरी दोन वेगळ्या चिजा असतात. पहिली टाळ्या घेते. दुसरी उद्या सकाळी कामावर येते, आणि काल जे केलं तेच करते.

दुसरं पान कोल्हापूरचं. २६ जुलै १९०२. शाहू महाराजांनी हुकूम काढला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या माणसांनी भरायच्या. जयंतीच्या भाषणात एवढंच सांगतात आणि थांबतात. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. त्या हुकुमात असंही होतं की ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक याच वर्गाची करायची. आणि दर खातेप्रमुखानं हुकुमानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी हुजुराकडं पाठवायचा.

दोस्तांनो, खरी ग्यानबाची मेख या तक्त्यात आहे. महाराजांना आपले अधिकारी ठाऊक होते. 'उत्तम हुकूम आहे महाराज' म्हणतील आणि भाच्याला चिकटवतील. म्हणून मोजायची व्यवस्था हुकुमाच्या पोटातच घातली. किती, कुठं, कोण, आणि तीन महिन्यांनी पुन्हा किती. चांगुलपणावर काही सोडलंच नाही.

तिसरं पान आपल्या मराठवाड्याचं. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी आठ वर्षं, १९५० ला, बाबासाहेबांनी तिथंच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं होतं. निजामाच्या राजवटीत शाळेला महाग झालेल्या मुलखात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. आणि गावं पेटली. ज्यांनी विद्यापीठाचं गेट जन्मात बघितलं नव्हतं त्यांची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना त्याच ऑगस्टमध्ये मारून टाकलं.

ठराव मुंबईत झाला, किंमत गावात वसूल झाली. ठराव करणाऱ्यांनी गावाची तयारी केली नव्हती, पोलिसांची केली नव्हती, बंदोबस्त केला नव्हता. आणि ठराव आणि अंमल यांच्या मधे जी फट राहिली तिच्यात विरोधक संघटित झाले. फट राहिली की तिच्यात नेहमी तेच आधी घुसतात, कारण त्यांची माणसं आधीच आत बसलेली असतात. मग मोर्चे, तुरुंग, लाठ्या. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. साडेपंधरा वर्षं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं आणि परभणी, नांदेड, लातूर तिकडं गेले.

वाटूरकरांनो, गंमत ऐका. हा परतूर तालुका १ मे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला, तालुका इकडं आला, म्हणून तुमच्या पदवीच्या कागदावर आज बाबासाहेबांचं नाव आहे. जिल्ह्याची रेघ जराशी वेगळी ओढली असती तर ते नाव तुमच्या कागदावर आलंच नसतं. संस्थांच्या रेघा कुणीतरी कुठंतरी टेबलावर ओढत असतो. त्या टेबलापाशी आपण असतो का?

आता जरा कडू बोलतो. नाव लागलं. ते लागायलाच पाहिजे होतं. नाव म्हणजे नुसती पाटी नसते, ती कुणाची जागा आहे ते सांगते. पण कमानीतून आत गेल्यावर कुठल्या विभागात किती प्राध्यापक आपले, संशोधनाला मार्गदर्शक कोण, शिष्यवृत्ती किती महिने अडकली, हे नाव विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं. दर १४ जानेवारीला आपण कमानीला हार घालतो. १५ जानेवारीला कोण काय विचारतं?

मी एका कार्यालयात काही वर्षं काम केलं. नाव घेत नाही. तिथं बिंदुनामावलीची वही होती. कपाटात होती, किल्ली हेडक्लार्ककडं. मी वही मागितली की किल्ली हरवायची. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी बरोब्बर सापडायची. पुढं वही दाखवली, तेव्हा हसत हसत सांगितलं, आता बघून काय करता, नवी माणसं कंत्राटावर आहेत, कंत्राटाला बिंदू नसतो. त्या दिवशी मला शाहूंचा तक्ता समजला. त्या कार्यालयात आरक्षणाला एकही माणूस उघड विरोध करत नव्हता. जयंतीला सगळे वर्गणी द्यायचे. फक्त वही कपाटात होती. संस्था अशी लढते, शिवी न देता.

आता आपल्या स्वतःच्या संस्था. ह्या बाबतीत आपण फार हळवे आहोत, म्हणून बोललं पाहिजे. बाबासाहेबांकडं बघा. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिचं काम वेगळं झालं तेव्हा १९२८ ला स्वतःच्या हातानं बंद केली. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष. राजकारणाचा डाव बदलला तेव्हा १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. तेही पुरत नाही म्हणून अखेरच्या दिवसांत रिपब्लिकन पक्षाची आखणी. संस्था म्हणजे त्यांच्या लेखी अवजार होतं. धार गेली, काम बदललं, की दुसरं घडवायचं. देव्हारा नव्हता तो.

आणि त्यांच्यामागं? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन गट. नावं ऐकून हसू येतं, पण रडायची गोष्ट आहे. दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांचा सत्याग्रह करून हजारोंनी तुरुंग भरणारा हाच समाज, पण पक्ष चालवायची रीत बसली नाही. १९७२ ला पँथर उठली, सगळा देश हलवला. १९७४ ला फूट, १९७७ ला बरखास्ती. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, माणसं कमी नव्हती, ताकद तर अजिबात कमी नव्हती. पण निर्णय कोण घेणार, मतभेद झाला तर कुठं मिटवणार, हिशेब कोण ठेवणार, दुसरी फळी कुठून येणार, याची घडी नव्हती. भांडण विचारांचं होतं, ते व्हायलाच हवं. पण घडी असती तर भांडण आत झालं असतं आणि संघटना बाहेर लढत राहिली असती.

म्हणून आता करायचं काय ते सांगतो. भाषण ऐकून टाळी वाजवून वाटूर फाट्यावर चहा पिऊन पांगू नका.

एक. शाहूंचा तक्ता आता आपण मागायचा. हुजूर नाहीत, पण २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. माणसांची नावं मागू नका, आकडे मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, कुठल्या प्रवर्गाची किती, कंत्राटी किती. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच अर्ज. एकदा विचारलं तर तक्रार म्हणतात. दर तिमाहीला विचारलं तर कपाटाची किल्ली सापडायला लागते.

दोन. गावच्या संस्थेत जाऊन बसा. वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. किती आला, कशावर गेला, वस्तीतल्या कुठल्या गटारावर, कुठल्या दिव्यावर? शाळेच्या व्यवस्थापन समितीत २००९ च्या कायद्यानं ७५ टक्के सभासद पालक असायला पाहिजेत, निम्म्या बाया. आपल्या वस्तीतली आई तिथं आहे का? असेल तर तिला बोलू देतात का, का नुसती सही घेतात?

तीन. ठरावाआधी माणसं. कुठलाही ठराव मांडायच्या आधी विचारा, उद्या सकाळी हा कोण राबवणार? मार कुणाला बसणार? त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? उत्तर नसेल तर ठराव महिनाभर थांबवा आणि माणसं जोडा. १९७८ ची किंमत गावानं मोजलीय, पुन्हा गावाकडून वसूल करू नका. हे शहरातल्या पोरांना मुद्दाम सांगतो. घोषणा तुम्ही तिकडं देता, तिचा आवाज रात्री इकडं वस्तीत येतो.

चार. आपल्या संघटनेत आजपासून वही ठेवा. जमा, खर्च, हजेरी, निर्णय. पदाची मुदत ठरवा. मुदत संपली की उठायचं, कितीही मोठा नेता असो. बाया निर्णयाच्या जागी पाहिजेत, सतरंजी अंथरायला नव्हे. दुसऱ्यांच्या कपाटाची किल्ली मागणाऱ्याचं स्वतःचं कपाट उघडं पाहिजे.

हे सगळं फार कंटाळवाणं काम आहे, मला ठाऊक आहे. अर्ज, वही, बैठक, पुन्हा अर्ज. यात फोटो निघत नाही, रीळ बनत नाही. पण प्रस्थापित आपल्यावर राज्य करतात ते तलवारीनं नाही, ह्याच कंटाळवाण्या कामावर. ते बैठकीला येतात, आपण जयंतीला येतो. हा हिशेब उलटा करायचाय. जयंती तर करूच, पण त्या दिवशी स्टेजवर एक फलक लावा. या वर्षी आपण किती अर्ज केले, किती जागा भरून घेतल्या, किती पैसा वस्तीत आणला. आकडा शून्य असला तरी लावा. पुढच्या वर्षी त्याच स्टेजवर त्याच्या शेजारी दुसरा आकडा लावावा लागेल, आणि तो कुणी लिहायचा ते आत्ताच, इथून उठायच्या आधी ठरवा.

जयभीम.